नाळ कापताना

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते. नर्स होते मी. उकळलेल्या कात्रीवर माझा विश्वास.

संस्थानी काळातली गोष्ट, ग्वाल्हेरची. किला गेटजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून आले होते आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. वहिनीला आठव्यातच कळा सुरू झाल्या. आई म्हणत होती, सुईणीला बोलावू या. त्या बायका नाळेची धडधड थांबेपर्यंत नुसत्या बसून राहतात, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. आम्हाला शिकवलं होतं — मूल बाहेर आलं की लगेच कापायचं.

भर दुपारी मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. नाळ बांधायला मी दोरा उचलला... आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. म्हातारी, तेलकट बोटं. कानाशी आवाज आला, "रुक जरा. अजून जातंय तिच्याकडे."

मी हात झटकला, नाळ बांधली, कापली. मग वळून पाहिलं तर मागे नुसती भिंत. दार आतून बंद, आई वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन समोर बसलेली. तिनंच विचारलं, "हात छोड, असं कोणाला म्हणालीस ग?" मी तसं म्हणाल्याचं मला आठवतही नव्हतं.

पोर दूध प्यायची, हसायचीसुद्धा. पाचव्या महिन्यात मात्र तिचे ओठ, तळवे पांढरे पडत गेले. मुरार छावणीतले डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. साध्या तापात गेली.

पुढे वहिनीची धाकटी मुलगी डॉक्टर झाली. तिनं समजावलं — बाळ आईकडून लोह घेतं ते मुख्यतः शेवटच्या महिन्यांत, म्हणून आधी जन्मलेल्यांचा साठा तोकडा पडतो. नाळ थोडं थांबून कापली, तर रक्ताबरोबर आणखी जरा मिळतं. "तेवढ्यानं ती वाचलीच असती असं नाही, आत्या," असंही म्हणाली. माझा चेहरा बघून म्हणाली असावी.

ती बोटं कुणाची, मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा, तर त्या पोरीला अजून काही मिळायचं राहिलंय हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं... मग भासाला कुठून ठाऊक?

वहिनी शेवटपर्यंत म्हणायची, "वन्सं, माझ्याच पोटानं तिला दगा दिला." दर वेळी मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरं काय ते सांगितलं नाही.