गाँगच्या आधी पोचलेल्या रेणूकाकू

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी एका ग्रंथालयात जुनी कागदपत्रे सांभाळणारी आसावरी जावा बेटावर तीन वर्षे राहून तिथले दरबारी नृत्य शिकली होती. ते ती मंगळवारी संगणकाच्या पडद्यावर, दूरच्यांना, शिकवी आणि शनिवारी चर्चच्या सभागृहात. रेणूकाकूंच्या वाट्याला शनिवार कधी आलाच नव्हता. काकू दूर टेक्सासमधल्या शुगर लँडच्या, वय त्रेसष्ट. गाडी बाहेर काढून रिकाम्या गॅरेजमध्ये त्या दोन वर्षे एकट्याच नाचल्या होत्या. यंदा एप्रिलच्या प्रयोगात त्या प्रथमच रंगमंचावर उभ्या राहणार होत्या, म्हणून चार दिवस आधी येऊन दाखल झाल्या.

पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. आवर्तनाच्या शेवटी मोठा गाँग, म्हणजे टांगलेली काशाची थाळी, वाजतो आणि नर्तकीचे पाऊल त्यानंतर, अर्ध्या श्वासाने, टेकते. पाच जणींची पावले तशी टेकली. काकू मात्र गाँगच्या आधीच टेकून, कमरेचा शेला झटकून मोकळ्या!

"काकू, एवढी घाई?"

"आता घाई दिसते होय? दर मंगळवारी 'काकू, लेट होताय' म्हणून कोण ओरडत होतं? काउंट करकरून मी आधीच मूव्ह करायला शिकले, बाई!"

आसावरीने प्रत्येक वर्गाचे चित्रण जपून ठेवले होते. घरी जाऊन ते तिने क्रमाने पाहिले. तिचा गाँग टेक्सासला उशिरा पोचे, काकूंचे पाऊल परत येता येता आणखी रेंगाळे. उशीर इंटरनेटच्या वाटेचा होता. तो वजा केला तर पहिले सहा महिने काकू अचूक होत्या. ती अचूकता आसावरीनेच सुधारून सुधारून मोडली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर चूक कबूल केली.

"म्हणजे मला शोमधून काढतेस की काय?" काकूंचा आवाज बारीक झाला.

"छे! आज नाचू नका. गाँग वाजवा."

दोन दिवस काकूंनी गाँग वाजवला. आधी नाद, मग पाच पावले. ते त्या पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.

प्रयोगात गाँग नऊ वेळा वाजणार होता. पहिल्याला काकूंचे पाऊल हवेत थांबले, नाद ऐकून मगच टेकले. सात बरोबर आले. चुकलेले दोन प्रेक्षकांत कुणाला कळले नाहीत. आसावरीने ते टिपले आणि सोडून दिले.

निघण्यापूर्वी काकूंनी एक नियम लिहून काढला: गाँगचे ध्वनिमुद्रण जिने तिने आपल्या घरी लावावे, चित्रण तिथेच करावे, आणि ते पाहिल्यावाचून शिक्षिकेने कुणाला बोल लावू नये. खाली आसावरीची सही घेऊनच त्या विमानतळाकडे निघाल्या.