डॉक्टरांनी विचारलं होतं

आमच्या नात्यात आजही म्हणतात, मलकपेठच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला नीट विचारलंच नाही, म्हणून हृदयाचं दुखणं उशिरा कळलं. मी ते ऐकत आलो. डॉक्टरांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.

आमच्याकडे रीतच तशी होती. दवाखान्यात डॉक्टरांजवळच्या खुर्चीवर नवरा बसायचा, बायको मागच्या बाकावर. दुखणं तिचं, सांगणारा मी. कचेरीमुळे मला तेलुगू यायचं, तिला नाही; त्याचा थोडा तोराही होता. खरं तर ही काचीगुड्याच्या बाजारात दखनीत, तिथल्या हिंदीत, अशी घासाघीस करायची, की भाजीवाला हात जोडायचा, "अम्मा, बस करो, फुकट लेके जाओ!" डॉक्टरही हैदराबादचेच, दखनी त्यांनाही यायची. दुभाष्याची गरज कुणालाच नव्हती.

त्या दिवशी घरातून निघताना ती म्हणाली होती, "अहो, जिन्यात दम लागतो ते तेवढं सांगा."

डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं. मला, तेलुगूत. मी म्हणालो, "तसं काही नाही. वय झालं. जरा घाबरट आहे, एवढंच." डॉक्टर हसले, मीही हसलो. मागून तीही हसली. कशाला, ते तिला कळलं नव्हतं. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून पाहायला हवं होतं, हे खरं. पण मध्ये मी बसलो होतो.

रिक्षात तिनं विचारलं, "जिन्याचं सांगितलंत ना?"

"सांगितलं. टॉनिक दिलंय."

पुढे ती जिन्यातच कोसळली. मोठ्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण आली, तिनं आधी मलाच बाहेर काढलं. "अंकल, आप जरा उधर बैठो." मग स्टूल ओढून पलंगाला खेटून बसली. "हां अम्मा, आप बोलो. क्या होता?"

पडद्याआड मला सगळं ऐकू येत होतं.

"सीढी पो बैठ बैठ के चढती मैं. बहुत दिन से."

"घर में बोले नहीं?"

"बोली ना. डाक्टरसाब कू बता दिये बोले उनो." मग आवाज खाली गेला. "उनकू कुछ नक्को बोलो. डर जाते."

दोघी हसल्या. इतकं मोकळं बोलताना मी तिला घरात कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलंच कधी नव्हतं. त्यानंतर ती घरी परत आली नाही.

आता तोच जिना मी बसत बसत चढतो. मधल्या पायरीवर टेकलो की कठडा हाताला गुळगुळीत लागतो. ती इथंच टेकत असणार. दुधाची पिशवी मांडीवर घेऊन मी दम परत येण्याची वाट पाहतो. दम लागला हे सांगायला वर कुणी नाही.

परवा तिथूनच मेव्हणीला फोन लावला. डॉक्टरांना बोल लावण्यात तीच पुढे असते. सगळं सांगितलं, रिक्षातल्या खोट्यासकट.

"दाजी, आता हे कशाला सांगता?"

"तिनं सांगायला सांगितलं होतं," मी म्हणालो.

मेव्हणीनं फोन ठेवला. मी कठडा धरून उठलो.