खरंच जेवायला बसणारी बाई

गेवराईजवळच्या आमच्या इंटरनॅशनल शाळेत अखेर एक परदेशी बाई आली. शिकाऊ शिक्षिका, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली, दिसेल त्याला "लई भारी!" म्हणणारी.

डबा उघडताना कुणी दिसलं की आपण "या जेवायला" म्हणतो; समोरचा "होऊ द्या तुमचं" म्हणत पुढं जातो. ही मात्र बसायचीच. माझी निम्मी भाकरी जायची, पण ती आली नाही तर घास उतरेना.

एकदा तिनंच डबा उघडला आणि फाटकाबाहेर शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना हाक मारली, "या जेवायला!"

बाबा थबकले. मला म्हणाले, "खरंच म्हनती का ही?"

"हो बाबा, हिचं खरंच असतं."

बाबा फाटक उघडून आत आले. मागोमाग सगळ्या शेळ्या आल्या आणि मुख्याध्यापकांच्या गुलाबांवर तुटून पडल्या.

ती टाळ्या पिटत ओरडली, "लई भारी!"