मागून मारलेली हाक

बाई गेल्याचं कळलं तेव्हापासून हे लिहावंसं वाटतंय. मला अक्षरं त्यांनीच शिकवली.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. आमचे हे मचव्यावर निघाले आणि सात वर्षांच्या चंपीनं पाठीमागून हाक मारली, "बाबा!" दर्यावर निघालेल्या माणसाला आमच्या कोळीवाड्यात कुणी मागून हाक मारत नाही. सासूबाई तिच्यावर ओरडल्या. त्याच फेरीत वादळ झालं, मचवा परतला नाही, आणि चंपीची वाचा बसली. भगत झाला, नवस झाले. देवीपुढे उभी राहिले की माझ्या तोंडून प्रार्थनेऐवजी भांडणच निघे.

बाई खाडीपलीकडच्या शाळेत शिकवत. मुंबईला मानसशास्त्र शिकलेल्या. मनानं खचलेल्या पोरांपाशी तासन्‌तास बसत. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, एक दिवस होडीतून उतरून आमच्या दारात आल्या. मग रोज शाळा सुटल्यावर येऊ लागल्या. चंपीशी शिंपल्यांनी खेळत, पण "बोल" असं कधी म्हणाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तिला वाटतं, आपल्या हाकेनं बाबा गेले. नुसतं समजावून ते जायचं नाही."

एका संध्याकाळी छत्री ओट्यावरच ठेवून त्या होडीकडे निघाल्या. चंपी छत्रीकडे बघे, त्यांच्या पाठीकडे बघे. शेवटी पोरीनं हाक मारली, "बाई!" त्या वळल्या, छत्री घेतली, "उद्या येते गं," म्हणाल्या आणि होडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी वारा उठला. होड्या बंद झाल्या. चंपी पुन्हा गप्प, दारातून हलेना. सासूबाई पुटपुटल्या, "आता कशाच्या येतान त्या?" आज बाई आल्या नाहीत तर माझी पोर कायमची मुकी होणार होती. देवीपुढे बसले, पण भांडायलाही बळ उरलं नव्हतं. म्हटलं, "आई, माझ्यानं व्हत न्हाय. पोर तुझी हाय, तूच बघ."

दिवेलागणीला बाई आल्या. खाडीला लांबचा वळसा घालून, चिखलातून चालत, चपला हातात घेऊन. "तू हाक मारली होतीस ना? मग आले की नाही?" चंपी त्यांना बिलगली आणि बाबासाठी पहिल्यांदा रडली. मग बोलतच सुटली.

बाईंना कुणी पाठवलं ते मी कधी विचारलं नाही. माझ्या हातचं नव्हतं ते मी त्या दिवशी देवीच्या पदरात टाकलं, आणि तिनं ते सांभाळलं, एवढंच मला ठाऊक आहे.

चंपी आता स्वतः शाळेत शिकवते. परवा बाईंची अंत्ययात्रा निघाली तेव्हा ती रस्त्यात उभी राहिली आणि पाठीमागून मोठ्यानं म्हणाली, "बाई!" सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी तिला गप्प केलं नाही, नुसता तिचा हात धरला.