रेडिएटरमध्ये ओतलेलं प्यायचं पाणी

एप्रिलचं ऊन, सांगलीतलं एक गॅरेज, आणि मला सोडून सगळ्यांशी बोलणारा मिस्त्री... नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

तेव्हा आमच्याकडे एक जुनी परदेशी जीप होती. लेदरच्या सीट, थंडगार एसी... हळदीच्या व्यापारात बरकत आली म्हणून यांनी मुंबईहून सेकंडहँड आणलेली. रुबाब यांचा, चालवायचे मात्र बरेचदा मीच. माझं माहेर साताऱ्याचं, वडील लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. गाडी चालवायला आणि बॉनेट उघडून बघायला त्यांनीच शिकवलं.

त्या उन्हाळ्यात नणंदेला, पद्माला, पहिल्या बाळंतपणासाठी जतहून माहेरी आणायचं होतं. निघण्याआधी मी बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचे रबरी पाइप फुगलेले. दाबले की भेगा दिसायच्या. गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं, पाइप बदला, वॉटर पंपही बघून घ्या.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून यांच्याकडे बघत म्हणाला, "मालक, गाडी लय भारी हाय. कवा गरम झालीया का? न्हाई नव्हं? मग वहिनी कशाला घाबरत्यात?"

अरे, गरम झाली नाही तोवरच बदलायचे असतात ना! मी हटले नाही. दोन दिवसांनी गाडी घरी आली. "झालं सगळं काम," हे म्हणाले. पाइप काळेभोर चमकत होते... मी विश्वास ठेवला.

पद्मा आणि तिच्या सासूबाईंना घेऊन जतहून निघाले. भर दुपार, दोन्हीकडे उघडं माळरान. थोडं अंतर गेलो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लालात गेला, बॉनेटमधून भसाभस वाफ... गाडी थांबवून बघते तर वरचा पाइप फाटलेला. तोच जुना पाइप! वरून नुसतं तेल चोळून चमकवलेला. आणि मागून पद्मा म्हणाली, "वहिनी, कळा येतायत गं..."

जवळच्या वस्तीवर बायका टँकरची वाट बघत बसल्या होत्या, रिकाम्या घागरी रांगेत मांडून. एका सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. इंजिन निवल्यावर मी ती फाटक्या जागी गच्च गुंडाळली. पण पाणी? त्या रांगेकडे बघून मागायला तोंड उघडेना.

गाडीत कण्हणारी पद्मा बघून एक बाई आपणच उठली आणि घरातून भरलेली घागर घेऊन आली.

"अहो, हे तुमचं प्यायचं पाणी असेल..."

"व्हय. पर तिच्या पोटातलं थांबतंय व्हय टँकर यीस्तवर? वता."

एसी बंद, खिडक्या उघड्या, गाडी हळूहळू हाकत मिरजेचा दवाखाना गाठला. संध्याकाळी पद्माला मुलगी झाली.

घरी येऊन यांना जाब विचारला. अगदी शांतपणे म्हणाले, "मीच नको म्हटलं त्याला. चालती गाडी कशाला खोलायची? तुझं समाधान व्हावं म्हणून झालं असं सांगितलं."

माझं समाधान!... मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच आठवड्यात गाडी साताऱ्याला नेली आणि सगळे पाइप, पंप, बेल्ट समोर उभं राहून बदलून घेतले.

बारशाला हे पाहुण्यांना ऐकवत होते, "इंपोर्टेड गाडी ती! पाइप फुटला तरी पोचवलंच बघा."

बाळाला मांडीवर घेऊन बसलेली पद्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, गाडीनं नाही पोचवलं. एका बाईनं घरातलं प्यायचं पाणी ओतलं म्हणून पोचलो."

गडबडीत त्या बाईचं नावही विचारायचं राहून गेलं... तिच्या वस्तीवर त्या दिवशी टँकर आला की नाही, हे मला आजही माहीत नाही.