फडक्याची गाठ

चढावर नांगर लावला की आमचा ट्रॅक्टर काळा धूर ओकत मान टाकायचा. मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. नुसता धूर पाहून म्हणाले, "डिझेल भरपूर पितोय, हवा मिळत नाही."

मग हवेच्या फिल्टरच्या तोंडावर बांधलेलं, मातीनं कडक झालेलं फडकं त्यांनी सोडलं. "हे कुणी बांधलं?"

"मीच. धूळ जाऊ नये म्हणून."

"वहिनी, धूळ अडवायला फिल्टर आहे की आत!"

धूर निवळला. ट्रॅक्टर तोच चढ एका दमात चढला. जपायच्या नादात आपण गाठ मारतो, ती नेमकी श्वासाच्या वाटेवर.

फडकं झटकताना वसतिगृहातली लेक आठवली. सकाळपासून तिला चार फोन केले होते. पाचवा केला नाही. तो आता तीच करेल.