पतीचा मोबाइल क्रमांक

शेजारी म्हणत, "तपासनीसाकडे घोटभर पाणी मागितलं, तर तो आधी तहान खरी आहे का ते बघेल आणि मग म्हणेल, पुन्हा एकदा मागा." तपासनीस हे त्याचे आडनाव नव्हे, इमारतीने एकमताने बहाल केलेली ती पदवी होती. तो मात्र त्या पदवीवर खूश होता.

घरवाटप कार्यालयाच्या मागच्या खोलीत तो बसे. तिथला पंखासुद्धा त्याच्याऐवजी सर्व्हरला वारा घाली. कुणी संगणकावर अर्ज भरून 'पाठवा' दाबले, की तो अर्ज त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमच्या, तावडीत सापडे. ती एकेक रकाना तपासून अर्ज साठवी किंवा नाकारी. नाकारताना 'माहिती अपूर्ण आहे' एवढेच म्हणे. कोणती, ते सांगत नसे. शिवाय भरलेले सगळे पुसून कोरा अर्ज पुढे करी. भरलेले तसेच परत दाखवायला चार ओळी अधिक लिहाव्या लागल्या असत्या. त्या आळसाला त्याने 'सुरक्षितता' असे भारदस्त नाव ठेवले होते.

खिडकीवरची कारकून बाई अधूनमधून येऊन सांगे, "अहो, एकट्या बायकांचा अर्ज पुढेच जात नाही. रडकुंडीला येतात बिचाऱ्या."

"लेखी द्या," मान वर न करता तो म्हणे. "समोरून येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या कामातलं पहिलं तत्त्व." तत्त्व खरेच होते, पण याने ते सासुरवाडीलाही लावले होते.

पुढे त्याची थोरली बहीण विधवा झाली आणि त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. ताई हाताची नीटनेटकी, तोंडाची सडेतोड. आल्या आठवड्यातच तिने स्वयंपाकघरातले डबे हलवले आणि भावाचे टेबल कपाटाआड ढकलले. बायको काही बोलली नाही. भांडी मात्र बोलू लागली. अशात एकट्या स्त्रियांना खोल्या देण्यासाठी कार्यालयाने पुन्हा अर्ज मागवले. ताईला स्वतःचे दार हवे होते. तिला ते मिळावे, अशी भावजयीची तर तिच्याहून तीव्र इच्छा होती. मुदतीची शेवटची संध्याकाळ जवळ आली, तरी अर्ज काही जाईना.

"पुन्हा पुसलं रे मेल्यानं!" ताई कडाडली.

"कुणी?"

"ज्यानं हे बनवलं त्यानं! काय चुकलं ते लिहायला हात झडले होते का त्याचे?"

"विचारा ना त्यांनाच," बायको आतून म्हणाली. "घरचेच आहेत."

तो स्वतः बसला. शांतपणे सगळे भरले, 'पाठवा' दाबले. माहिती अपूर्ण आहे. कोरा अर्ज. पुन्हा भरले, पुन्हा कोरा. मग घाम पुसत त्याने घरूनच सर्व्हर उघडला आणि आपलीच स्क्रिप्ट परक्यासारखी वाचू लागला. ती मुळात जोडप्यांच्या घरांसाठी लिहिलेली. त्याने जशीच्या तशी उचलून इथे चिकटवली होती. 'पतीचा मोबाइल क्रमांक' हा रकाना सक्तीचा होता, आणि त्या क्रमांकावर आलेला संकेतांक भरल्याशिवाय सुटका नव्हती.

"ताई, भाऊजींचा नंबर..."

"घे की लावून. उचलला तर मलाही दे, मला बरंच बोलायचंय."

गेल्या खेपेला या योजनेत एकही अर्ज आला नव्हता, हे त्याला तेव्हा आठवले. शहरात गरजू स्त्रीच उरली नाही, असा निष्कर्ष काढून साहेबांनी समाधान व्यक्त केले होते, आणि चोख यंत्रणेबद्दल याची पाठ थोपटली होती.

ना लेखी मागणी, ना मंजुरी. त्याने चालत्या सर्व्हरवरच ती सक्ती काढून टाकली. ताईचा अर्ज पहिल्या झटक्यात गेला. तिच्यामागोमाग, बांध फुटावा तसे, दिवेलागणीपर्यंत इतरांचेही येत राहिले.

दुसऱ्या दिवशी कारकून बाई त्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा लेखी द्या म्हणालात. आणि काल घरबसल्या, एका दुपारीत झालं? तेव्हा काय आड येत होतं?"

"तेव्हा त्या बायकांपैकी कुणी माझ्या घरात राहत नव्हतं," तो म्हणाला.